नांदेड–लातूर परिसरातील लोहमार्ग

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागात, गोदावरी व मांजरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत विकसित झालेले लोहमार्ग व त्यांवरील स्थानके. ह्या परिसरात तीन वेगवेगळ्या रुंदींचे लोहमार्ग तीन स्वतंत्र दिशांनी आले : उत्तरेकडून मनमाड–सिकंदराबाद हा मीटरमापी मार्ग, पश्चिमेकडून बार्शी लाइट रेल्वे हा अरुंदमापी मार्ग आणि दक्षिणेकडून विकाराबाद–परळी हा रुंदमापी मार्ग. भारतात रुंदमापी मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १·६७६ मी., मीटरमापीचे १ मी. व बार्शी मार्गाचे ०·७६२ मी. असे होते. एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर चालू शकत नसल्याने माल व प्रवासी यांना वाटेत गाडी बदलावी लागे. ह्या परिसराच्या लोहमार्गांचा इतिहास हा बव्हंशी ह्या विसंगतीचा व ती दूर करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

लंडन येथील भुयारी लोहमार्ग १८६३ मध्ये व पॅरिसची मेट्रो १९०० मध्ये सुरू झाली. पॅरिसमध्ये मेट्रो धावू लागली, त्याच सुमारास गोदावरीच्या खोऱ्यात पहिली आगगाडी आली. यूरोपीय महानगरांतील मेट्रो नगरवासीयाला त्याच्या घराजवळच्या स्थानकातून उचलून नेण्यासाठी आखलेली होती. याउलट संस्थानी मुलखातील लोहमार्गाची आखणी दूरच्या बंदरापर्यंत व राजधानीपर्यंत पोहोचण्याच्या दृष्टीने झाली. वाटेतील गावांचा विचार त्यात दुय्यम होता. मानवत रोड, लातूर रोड, बार्शी रोड ह्या स्थानकांच्या नावांत ही वस्तुस्थिती नमूद झालेली आहे. नावातील ‘रोड’ ह्या शब्दाचा अर्थ, गाव येथे नसून येथून त्या गावाकडे रस्ता जातो, असा होता.

भौगोलिक पार्श्वभूमी : नांदेड शहर गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. नदीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीचा पट्टा तुलनेने सपाट व कापसाच्या पिकास अनुकूल आहे. नदीच्या दक्षिणेस बालाघाटच्या डोंगररांगा असून कंधार, लोहा, मुखेड व अहमदपूर हा भाग त्या रांगांच्या माथ्यावर व उतारांवर पसरला आहे. लातूर हे बालाघाटच्या पठारावर, मांजरा नदीच्या खोऱ्यात आहे. सपाट भूमीवर लोहमार्ग टाकण्यास खर्च कमी येतो व तेथेच मालही मिळतो. त्यामुळे गोदावरीच्या उत्तर तीराने मुख्य मार्ग गेला आणि दक्षिणेकडील डोंगराळ तालुके त्यापासून वंचित राहिले.

हैदराबाद संस्थानातील प्रारंभ : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबई–मद्रास मार्ग १८७१ मध्ये वाडीवरून रायचूरपर्यंत पोहोचला. सर सालारजंग ह्या दिवाणांच्या कारकीर्दीत वाडी ते सिकंदराबाद हा संस्थानाचा पहिला लोहमार्ग निजामाच्या पैशाने बांधण्यात आला व १८७४ मध्ये तो सुरू झाला. पुढे हा मार्ग चांदा (चंद्रपूर) प्रदेशाकडे वाढविण्याच्या योजनेवरून १८८३ मध्ये हैदराबादेत तीव्र वाद झाला. लंडनमधील भागधारकांना संस्थानाच्या तिजोरीतून व्याजाची हमी द्यावी काय, हा त्या वादातील मुख्य प्रश्न होता. योजनेची जाहीर चिकित्सा करणारे शिक्षणतज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडू यांचे वडील) यांना त्या प्रकरणी संस्थानाबाहेर घालवून देण्यात आले. तथापि योजना पुढे गेली, लंडन येथे ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी संस्थानाने स्वीकारली. ही कंपनी पूर्वेस वरंगळमार्गे १८८९ मध्ये बेझवाड्यापर्यंत (विजयवाडा) पोहोचली. मराठी भाषक जिल्ह्यांत मात्र त्या वेळेपर्यंत संस्थानाचा लोहमार्ग आलेला नव्हता.

हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग : मराठवाड्यातील हा पहिला मोठा लोहमार्ग होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील मनमाड स्थानकापासून हैदराबादपर्यंतचा ३९१ मैल (सु. ६२९ किमी.) लांबीचा हा मीटरमापी मार्ग १८९९ ते १९०१ ह्या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मनमाडनंतर नगरसोल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर), जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद ही त्यावरील महत्त्वाची स्थानके होत. धर्माबादच्या पुढे बासरजवळ हा मार्ग गोदावरी ओलांडतो व निजामाबाद, कामारेड्डीवरून सिकंदराबादेस जातो.

ह्या मार्गाच्या बांधणीच्या काळातच १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडला. लोहमार्ग नसलेल्या प्रदेशात धान्य बैलगाडीने आणावे लागे आणि लांबच्या प्रवासात बैलांच्या वैरणीचा भार धान्याच्या भाराइतकाच महत्त्वाचा ठरे. दुष्काळात वैरणच नसल्यामुळे ही वाहतूक बंद पडे व एका जिल्ह्यात धान्य असूनही शेजारच्या जिल्ह्यात उपासमार होई. आगगाडीमुळे ही अडचण दूर झाली. परंतु त्याचबरोबर धान्य महाग भावाच्या बाजाराकडे बाहेर जाण्याची वाटही मोकळी झाली.

लोहमार्गामुळे ह्या पट्ट्यातील कापूस मनमाडमार्गे मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. जालना, सेलू, परभणी, नांदेड, उमरी, धर्माबाद येथे सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने उभे राहिले. नांदेड येथील उस्मानशाही कापडगिरणी हा त्यांतील सर्वांत मोठा उद्योग होता. संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर करोडगिरी (आयात-निर्यात जकात) आकारली जाई. लोहमार्गामुळे व्यापार थोड्या स्थानकांवर एकवटला आणि करवसुली अधिक सुलभ झाली. जुन्या बैलरस्त्यांवरील कित्येक पेठांचे महत्त्व कमी होऊन स्थानकाभोवतीच्या ‘मोंढ्यांना’ ते प्राप्त झाले.

नांदेड व मुदखेड : गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निर्वाण झाले. त्यांच्या स्थानी असलेल्या सचखंड श्री हजूरसाहिब गुरुद्वारामुळे हे शहर शिखांच्या पाच तख्तांपैकी एक मानले जाते. लोहमार्ग येण्यापूर्वी पंजाबातील यात्रेकरूंना येथवरचा प्रवास अतिशय कष्टाचा होता. मनमाडचा मार्ग झाल्यानंतर तो सुसाध्य झाला, तरी मीटरमापी रुळांमुळे मनमाडला गाडी बदलणे अटळ होते. रुंदमापी मार्ग झाल्यावर नांदेड–अमृतसर अशी थेट ‘सचखंड एक्स्प्रेस’ धावू लागली. स्थानकाचे अधिकृत नावही हजूरसाहिब नांदेड असे आहे. शहरात माळटेकडी हे दुसरे स्थानक आहे. पूर्वेकडील मुदखेड येथून भोकर, हिमायतनगर व किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणारी शाखा फुटते. उमरी हे लहान स्थानक कापसाच्या व्यापारासाठी ओळखले जाई. तेथील बँकेवर हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी जानेवारी १९४८ मध्ये घातलेला छापा ह्या लढ्यातील एक प्रमुख घटना मानली जाते.

शाखामार्ग : पूर्णा–हिंगोली हा मीटरमापी शाखामार्ग १९१२ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात तो अकोल्यावरून खांडव्यापर्यंत नेण्यात आला आणि त्यामुळे उत्तर व दक्षिण भारतातील मीटरमापी जाळी एकमेकांस जोडली गेली. परभणीहून गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडून परळी वैजनाथला जाणारा दुसरा मीटरमापी मार्ग होता. दक्षिणेकडून विकाराबाद–बीदर हा रुंदमापी मार्ग १९३० च्या सुमारास झाला व लवकरच तो भालकी, कमालनगर, उदगीर, लातूर रोड, घाटनांदूर ह्या स्थानकांवरून परळीपर्यंत वाढविण्यात आला. अशा रीतीने परळी येथे दोन भिन्न मापांचे मार्ग समोरासमोर आले. वैजनाथ हे ज्योतिर्लिंग व पुढे उभारलेले औष्णिक विद्युत् केंद्र यांमुळे ह्या स्थानकावर यात्रेकरूंची व कोळशाची, अशी दुहेरी वाहतूक वाढली.

बार्शी लाइट रेल्वे : लातूरला लोहमार्ग आला तो निजामाच्या कंपनीकडून नव्हे, तर एव्हरर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) ह्या इंग्रज अभियंत्याच्या खाजगी कंपनीकडून. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या सेवेत असताना कॅलथ्रॉपने अल्पखर्ची अरुंदमापी मार्गांचा अभ्यास केला होता. त्याची कंपनी १८९५ मध्ये लंडन येथे नोंदविण्यात आली. एंजिन असो वा वाघीण, कोणत्याही वाहनाच्या प्रत्येक आसावर सारखाच, म्हणजे जास्तीत जास्त पाच टन भार पडावा, असे त्याचे मुख्य तत्त्व होते. त्यामुळे हलके रूळ व साधे पूल वापरूनही बराच माल वाहून नेणे शक्य झाले. लीड्स येथील किट्सन कंपनीने त्यासाठी खास रचनेची एंजिने पुरविली. इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याचा लोहमार्ग (१९०४) कॅलथ्रॉपने ह्याच अनुभवावर उभारला. तो १९३४ मध्ये बंद पडला. बार्शीचा मार्ग मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

मुंबई–सोलापूर मार्गावरील बार्शी रोड (नंतरचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा २१ मैलांचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पश्चिमेस १९०६ मध्ये तो पंढरपूरपर्यंत, पूर्वेस १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत नेण्यात आला. पंढरपूर–मिरज हा अखेरचा टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाल्यावर लातूर–मिरज ही एकूण लांबी २०२ मैल (सु. ३२५ किमी.) झाली. पांगरी, येडशी, कळंब रोड, तडवळे, ढोकी, मुरूड, हरंगूळ ही बार्शी–लातूर टप्प्यातील स्थानके होत. येडशीजवळ बालाघाटचा चढ चढून गाडी पठारावर येई. आषाढी व कार्तिकी वाऱ्यांच्या काळात लातूर, कळंब, औसा ह्या भागांतील वारकऱ्यांची ह्या गाडीला प्रचंड गर्दी होत असे. एरव्ही धान्य, कडधान्ये, गळिताची धान्ये व कापूस ही तिची मुख्य वाहतूक होती.

लातूरच्या व्यापारी उत्कर्षाचा ह्या मार्गाशी निकटचा संबंध आहे. शहराच्या मध्यभागी असलेली गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ व तिच्यापासून चहूकडे फुटणारे रस्ते ही रचना १९१७ मधील असून ती नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची मानली जाते. आगगाडी आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी झालेली ही आखणी वाढत्या आडत व्यापाराची द्योतक आहे. तथापि लातूरचे अरुंदमापी स्थानक हे मार्गाचे टोक होते. रुंदमापी मार्गावरील लातूर रोड स्थानक तेथून सु. ३० किमी. अंतरावर होते व ह्या दोहोंच्या दरम्यान अनेक दशके लोहमार्ग नव्हता. उस्मानाबाद (धाराशिव) हे जिल्ह्याचे ठाणे असूनही बार्शी लाइट रेल्वे त्या शहरात न जाता येडशीवरून गेली. त्यामुळे तेथील रहिवाशांना गाडीसाठी येडशी गाठावे लागे.

रेल्वे व मोटारवाहतूक : १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून आपल्या संस्थानातील लोहमार्ग विकत घेतले व ‘निजाम स्टेट रेल्वे’ अस्तित्वात आली. जून १९३२ मध्ये तिच्या अखत्यारीत मार्ग परिवहन विभाग निघून २७ मोटारगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू झाली. लोहमार्ग व मोटारमार्ग एकाच शासकीय यंत्रणेखाली चालविण्याचा भारतातील हा आरंभीचा प्रयोग होय. जेथे रूळ नेणे परवडत नव्हते, अशा गावांना स्थानकाशी जोडणे हा त्याचा एक उद्देश होता. ह्या प्रदेशातील संस्थानी मोटारवाहतूक १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली.

विलीनीकरण व पुनर्रचना : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ एप्रिल १९५० रोजी निजाम स्टेट रेल्वे केंद्र सरकारच्या ताब्यात आली व नोव्हेंबर १९५१ मध्ये तिचा मध्य रेल्वेत अंतर्भाव झाला. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे हा नवा विभाग सिकंदराबाद येथे स्थापन होऊन मराठवाड्यातील मनमाड–सिकंदराबाद मार्ग त्याच्याकडे गेला. १ एप्रिल २००३ रोजी नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या स्वतंत्र मंडळाचे मुख्यालय झाले. लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर मंडळात, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद मंडळात राहिले. त्यामुळे एकमेकांना लागून असलेल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गाड्यांचे नियोजन वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती विभागले गेले.

मापबदल : मीटरमापी मार्ग हे मराठवाड्याच्या औद्योगिक मागासलेपणाचे एक कारण आहे, ही भूमिका १९७० नंतर ठामपणे मांडली जाऊ लागली. मनमाडला प्रत्येक वाघिणीतील माल उतरवून पुन्हा भरावा लागे. त्यात वेळ जाई, मालाची नासधूस होई व खर्चही वाढे. मराठवाडा जनता विकास परिषदेने गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मनमाड–सिकंदराबाद मार्ग रुंदमापी करण्याची मागणी दीर्घकाळ लावून धरली. प्रत्यक्ष बदल १९९० नंतरच्या दशकात मनमाडच्या बाजूने सुरू झाला व नव्या शतकाच्या प्रारंभी सिकंदराबादेपर्यंत पूर्ण झाला. पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला. मुंबई–सिकंदराबाद देवगिरी एक्स्प्रेससारख्या गाड्यांमुळे नांदेड व परभणीचा मुंबईशी थेट संबंध जुळला.

बार्शी मार्गाचा मापबदल टप्प्याटप्प्याने झाला. लातूर–उस्मानाबाद हा टप्पा २००७ मध्ये व उस्मानाबाद–कुर्डुवाडी हा २००८ मध्ये खुला झाला. ह्या वेळी जुनी आखणी बदलून उस्मानाबाद शहर मार्गावर घेण्यात आले व सु. शंभर वर्षांपूर्वीची उणीव भरून निघाली. लातूरचे नवे स्थानक जुन्या वस्तीबाहेर बांधण्यात आले. लातूर रोडशीही रुंदमापी मार्ग जोडला गेल्याने, पूर्वी मार्गाचे टोक असलेले लातूर हे मुंबई–बीदर वाहतुकीवरील मधले स्थानक बनले. पंढरपूर–मिरज टप्प्याचे काम त्यानंतर संपले व कॅलथ्रॉपचा संपूर्ण मार्ग रुंदमापी झाला.

जलगाडी : ह्या परिवर्तनाचे महत्त्व २०१६ च्या उन्हाळ्यात प्रकर्षाने दिसून आले. सलग अपुऱ्या पावसामुळे लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने लातूरला नेण्याची व्यवस्था करण्यात आली. ह्या कामासाठी टाकी-वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत स्वच्छ करून मिरजेस पाठविण्यात आल्या. सु. ५ लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सु. २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरज–लातूर मार्ग अरुंदमापी राहिला असता, तर मोठ्या क्षमतेच्या वाघिणींची अशी अखंड वाहतूक शक्य झाली नसती. वारकरी, धान्य व कापूस यांसाठी बांधलेल्या मार्गाने शतकानंतर एका शहराचे पिण्याचे पाणी वाहिले, ही घटना भारतीय लोहमार्गांच्या इतिहासात लक्षणीय आहे. त्याचबरोबर पाण्याच्या नियोजनातील उणिवा लोहमार्ग भरून काढू शकत नाही, ही जाणीवही तिने दिली.

डब्यांचा कारखाना : लातूरजवळ मराठवाडा रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली. महानगरांतील मेट्रो व उपनगरी गाड्यांसाठी डबे तयार करणे, हा त्याचा मूळ हेतू होता. डिसेंबर २०२० मध्ये तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. पुढे वंदे भारत शयनयान गाड्यांच्या बांधणीसाठी ह्या कारखान्याची निवड करण्यात आली.

लोहमार्गाविना राहिलेला प्रदेश : नांदेड व लातूर यांना जोडणाऱ्या महामार्गावर, नांदेडपासून सु. ३५ किमी.वर लोहा हे गाव आहे. पूर्वी कंधार तालुक्यात असलेले लोहा १९९९ मध्ये स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. ह्याच तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथील घोडे, गाढवे, उंट व इतर जनावरांचा बाजार प्रसिद्ध असून त्यासाठी दूरच्या प्रांतांतूनही व्यापारी येतात. तथापि लोहा, कंधार, मुखेड व अहमदपूर ह्या सलग पट्ट्यात एकही लोहमार्ग नाही. येथील शेतमाल ट्रकने नांदेड वा लातूरच्या बाजारात जातो आणि पुणे-मुंबईस कामासाठी वा शिक्षणासाठी जाणारा प्रवासी एस. टी. किंवा खाजगी बसवर अवलंबून असतो.

रस्त्याने थेट असलेल्या ह्या दोन शहरांत आगगाडीने जावयाचे झाल्यास नांदेडहून पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी व लातूर रोड असा मोठा वळसा घ्यावा लागतो. हा वळसा म्हणजे तीन दिशांनी, एकमेकांचा विचार न करता, आखलेल्या मार्गांचा वारसा होय. रुळांच्या मापांतील भेद नाहीसा झाला. आखणीतील हा भेद मात्र तसाच राहिला. नांदेडहून लोहा व अहमदपूरमार्गे लातूर रोडला मिळणारा सरळ लोहमार्ग व्हावा, ही मागणी त्यामुळेच दीर्घकाळ केली जात आहे. असा मार्ग झाल्यास गोदावरी व मांजरा ह्या दोन खोऱ्यांतील जाळी बालाघाट ओलांडून प्रथमच सरळ जोडली जातील व १९०१ पासून रस्त्यावरच विसंबून राहिलेल्या पठारी तालुक्यांना स्वतःची स्थानके मिळतील.